उन्हाळ्यात घर गार, हिवाळ्यात पाणी गरम: कमी विजेत हे कसे साधावे

मुंबई, कोकण किंवा पुण्याकडून नोकरीनिमित्त विदर्भात आलेले कुटुंब मार्च महिन्यात घर लावते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उन्हाची झळ लागताच घाईने वातानुकूलन यंत्र विकत घेते, आणि मे महिन्यात वीजबिल हातात पडल्यावर आपले नेमके कोठे चुकले याचा शोध घेऊ लागते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, त्यामुळे एसी घेणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. चूक असते ती क्रमाची. आधी ऊन घराबाहेर अडवावे, मग हवा फिरवावी, मग पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा घ्यावा, आणि एवढे करूनही भागत नसेल तर एसी लावावा, हा क्रम पाळला तर त्याच घरात निम्म्या विजेत उन्हाळा निघू शकतो. मी स्वतः वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली राहतो, म्हणून पुढील मांडणी तशा घराला धरून केली आहे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी छताचा भाग वगळून बाकीचे जसेच्या तसे घ्यावे.

सुरुवात मीटरपासून

कोणतीही खरेदी करण्याआधी आपली वीज नेमकी कोठे जाते हे मोजावे. एक युनिट म्हणजे एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालल्यावर लागणारी वीज. महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात, आणि वरच्या टप्प्यातील प्रत्येक युनिट खालच्या टप्प्यापेक्षा महाग पडते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे: १०१ वे युनिट वापरले म्हणून आधीची शंभर युनिटे महाग होत नाहीत, महाग दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो. मात्र याचाच अर्थ असा की आपण वाचवलेले प्रत्येक युनिट हे सर्वांत महागड्या टप्प्यातले असते. वीज आकाराखेरीज वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क हेही लागत असल्याने, बचतीचा हिशेब करताना केवळ दरपत्रकातील आकडा न पाहता हे सर्व धरून आपल्या वरच्या टप्प्यातील युनिट किती रुपयांना पडते ते काढावे.

आता मीटरसमोर उभे राहावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. घरातील बाकी सर्व बटणे बंद करून फक्त एसी चालू ठेवावा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजावे. दिवा ४० वेळा लुकलुकला तर तासाला २,४०० वेळा, म्हणजे पाऊण युनिट, म्हणजेच एसी त्या घडीला ७५० वॉट घेतो आहे. हीच मोजणी पंखा, कूलर, गीझर आणि फ्रिज यांच्यासाठी करून आकडे वहीत लिहून ठेवावेत. पंख्यासारख्या कमी विजेच्या उपकरणासाठी दिवा मिनिटभर न मोजता पाच मिनिटे मोजावा, नाहीतर हिशेब चुकतो. एका रविवारी तासाभरात होणारे हे काम आहे, आणि पुढचा प्रत्येक निर्णय या वहीवर घेता येतो.

छत आणि पश्चिमेची भिंत

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपाच्या (कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) सुमारास, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुंध्याशी नाहीशी होते. अशा वेळी दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन पडत नाही, सगळा मारा छतावर होतो. भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट इतकी ऊर्जा येते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचे छत सुमारे ११ चौरस मीटर भरते, म्हणजे त्यावर ११ किलोवॉटचा मारा होतो, आणि दीड टनाचा एसी खोलीतून काढू शकतो ती उष्णता असते सुमारे सव्वापाच किलोवॉट. छतावरचे सगळे ऊन खोलीत उतरत नाही हे खरे, परंतु ही तुलना लक्षात ठेवली तर उघड्या स्लॅबखाली एसी का दमतो हे समजते.

शिवाय काँक्रीट उष्णता धरून ठेवते आणि ती काही तासांनी खाली सोडते. संध्याकाळी सात वाजता, ऊन उतरल्यानंतर, पलंगावर उभे राहून छताच्या दिशेने तळहात धरून पाहावा. छताला हात न लावताही तव्यासारखी धग जाणवते, आणि ती मध्यरात्रीपर्यंत टिकते. आपली झोप मोडते ती बाहेरच्या हवेपेक्षा या धगीमुळे.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला चुना मारणे. उघडे, काळवंडलेले काँक्रीट बहुतांश ऊन पिऊन टाकते, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग त्यातील मोठा भाग परतवून लावतो. कळीचा चुना रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा लाकूडकामाचा पांढरा गोंद आणि थोडे पांढरे सिमेंट मिसळावे. चुना भिजताना उकळतो, म्हणून तो प्लास्टिकच्या बादलीत न भिजवता लोखंडी पिंपात भिजवावा, मुलांना जवळ फिरकू देऊ नये आणि ढवळताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण डोळ्यात उडालेला चुना दृष्टीला कायमची इजा करू शकतो. गच्ची आधी झाडून धुऊन घ्यावी, भेगा भरून घ्याव्यात, आणि पृष्ठभाग ओलसर असताना सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पहिला हात द्यावा. भर उन्हात मारलेला चुना झटकन वाळतो आणि पुढे पापुद्रे होऊन सुटतो. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्यावा. पावसाळ्यात हा थर बराच धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी गुढीपाडव्याच्या आसपास हे काम पुन्हा करावे लागते. ज्यांना दरवर्षीची खटपट नको त्यांच्यासाठी छतावर लावायचे पांढरे परावर्तक रंग मिळतात, ते महाग असले तरी काही वर्षे टिकतात. घर स्वतःचे असून गच्चीची दुरुस्ती काढलीच असेल, तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून घ्यावी, म्हणजे गळतीचे आणि उष्णतेचे काम एकाच खर्चात होते. भाड्याच्या घरात मालकाशी किंवा सोसायटीशी आधी बोलून घ्यावे. चुन्याचा खर्च इतका कमी असतो की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने थोडा आराम मिळतो हे मी नाकारत नाही, पण ज्या शहरांत मे महिन्यात टँकर लागतो तेथे दररोज एवढे पाणी ओतणे मला पटत नाही, आणि भेगाळलेल्या स्लॅबला ते पाणी घातकही ठरते.

पश्चिमेच्या भिंतीची गोष्ट वेगळी. दुपारी तीननंतरचे ऊन तिरपे येते, त्यामुळे खिडकीवरचा छज्जा त्याला अडवू शकत नाही. तेथे उभा आडोसाच लागतो. बांबूची चीक (कामट्यांचा पडदा) किंवा हिरवी शेडनेट खिडकीच्या बाहेरून, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून बांधावी, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. आतून लावलेला जाड पडदा त्या मानाने फार कमी उपयोगी पडतो, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याला तापवते आणि पडदा खोलीला. खिडक्या सकाळी आठ-साडेआठला बंद करून रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावरच उघडाव्यात. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून वारा येऊ देण्याची कोकणातली सवय येथे मे महिन्यात सोडून द्यावी लागते.

पंखा

जुना छताचा पंखा ७० ते ८० वॉट घेतो, नव्या बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, मोटारीचा पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी सुमारे ३० वॉट घेतो. दिवसाचे १६ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २१ युनिटे वाचतात, आणि चार पंख्यांच्या घरात ८० च्या वर. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही वीजबचतीचे तारांकन अनिवार्य झाले आहे, त्यामुळे दुकानात वॉटचा आकडा विचारून घेणे सोपे झाले आहे. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. ज्या खोलीत सर्वाधिक तास पंखा फिरतो, तेथील आधी बदलावा. हे पंखे आपल्या रिमोटवर चालतात, म्हणून भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढून टाकायला वायरमनला सांगावे. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मात्र कोणालाच गारवा देत नाही, कारण पंखा खोली थंड करत नसून अंगावरचा घाम वाळवत असतो.

कूलर: विदर्भाचा खरा आधार

एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत एका युनिटाच्या दोन-तृतीयांश इतकी उष्णता शोषून घेते. कूलर हे काम पंपाने ओल्या केलेल्या ताट्यांतून (बाजूंना बसवलेल्या जाळीदार थरांतून) हवा ओढून करतो, आणि त्यासाठी त्याला लागतात फक्त १५० ते २५० वॉट. रात्रीचे दहा तास कूलर चालला तर दीड ते अडीच युनिटे होतात. दीड टनाचा एसी सरासरी एक किलोवॉट घेत असेल तर तेवढ्याच वेळात दहा युनिटे होतात.

मात्र ही किमया कोरड्या हवेची आहे. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा सैद्धांतिकदृष्ट्या २३ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि चांगला कूलर प्रत्यक्षात २८-२९ अंशांची हवा आत टाकतो. मुंबईत किंवा पणजीत मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना हीच मर्यादा २८ अंशांवर येऊन थांबते आणि आत येणारी हवा दमटीने जड झालेली असते. म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी कूलरवर पैसे घालू नयेत, आणि विदर्भात राहणाऱ्यांनी मृगाचा पाऊस पडल्यावर कूलर गार हवा देत नाही म्हणून त्याची तक्रार करू नये. मराठवाडा आणि खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत तो उत्तम चालतो.

नवख्या माणसाची नेहमीची चूक म्हणजे कूलर खोलीच्या मध्यभागी ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे. माझ्याही पहिल्या उन्हाळ्यात हेच झाले होते. पहिला अर्धा तास बरे वाटले, मग चादरी ओलसर लागू लागल्या, आणि दोन वाजता सगळे घामाघूम होऊन जागे झाले, कारण कूलर आतलीच दमट हवा पुन्हापुन्हा ओढत होता. कूलर खिडकीबाहेर बसवावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. ही फट किती ठेवायची हे पाहण्याची सोपी खूण अशी: दाराजवळ पातळ कागदाची पट्टी धरावी, ती ठळकपणे बाहेरच्या दिशेला उडाली पाहिजे. पट्टी लोंबत राहिली तर फट वाढवावी.

लावण्याआधी पंप सुरू करून ताट्या दहा मिनिटे भिजू द्याव्यात आणि मगच पंखा लावावा, म्हणजे सुरुवातीची धुळकट गरम हवा आत येत नाही. पहाटे हवा गार झाल्यावर पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तरी पुरते. ताट्यांपैकी एखादी पट्टी कोरडी राहत असेल तर वरच्या पन्हळीतील छिद्रे क्षाराने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करावीत. कोरड्या पट्टीतून आलेली गरम हवा बाकीच्या गारव्यावर पाणी फिरवते. वाळ्याच्या ताट्यांचा सुगंध आणि गारवा मला आजही सर्वांत प्रिय आहे, परंतु लाकडाच्या सालपटांच्या ताट्यांप्रमाणे त्याही बहुधा दर हंगामात बदलाव्या लागतात. मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेले हनीकोंब पॅड महाग असले तरी तीन-चार हंगाम टिकतात. कूलर तासाला चार-सहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी पितो, हा खर्चही धरावा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि कोरडा दिवस पाळण्याचे आवाहन त्यासाठीच केले जाते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावतात. आमच्या घरी एकदा ओल्या फरशीवर उभे राहून पत्र्याच्या कूलरला हात लावताच झिणझिण्या आल्या. वायरमनने सॉकेट उघडले तेव्हा वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थिंगच्या जागी, वायरच जोडलेली नव्हती. म्हणून कूलर बसवण्याआधी त्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे, तीन पिनांचाच प्लग वापरावा, मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारी कळ) बसवून घ्यावा, आणि पाणी भरण्याआधी नुसते बटण बंद न करता प्लग काढून बाजूला ठेवावा. पाणी वाचवा, वीज वाचवा, पण या एका बाबतीत काटकसर करू नका.

एसी घ्यायचाच असेल तर

घरात आजारी, वृद्ध किंवा तान्हे मूल असेल, किंवा पावसाळ्याआधीचे दमट पंधरा दिवस सोसत नसतील, तर एका खोलीपुरता एसी घेणे योग्यच आहे. घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर ताऱ्यांच्या खाली वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडा छापलेला असतो, तो पाहावा. हा आकडा वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर काढलेला आहे. विदर्भात मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत ८० दिवस, रोज दहा तास धरले तर ८०० तास होतात, म्हणून आपला खर्च ढोबळमानाने लेबलवरील आकड्याच्या निम्मा धरावा. अर्थात नागपूरच्या उन्हात यंत्राला जास्त कष्ट पडतात, म्हणून थोडा वर. या हिशेबाने पंचतारांकित आणि त्रितारांकित यंत्रांच्या किमतीतील फरक किती वर्षांत भरून निघतो ते काढता येते. जे रात्रीचे फक्त तीन तास लावतात त्यांना पाचवा तारा परवडेलच असे नाही. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात, त्यामुळे जुन्या साठ्यातील पंचतारांकित यंत्र नव्या पंचतारांकिताच्या बरोबरीचे मानू नये.

१ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर सुरू होतात. ब्युरोच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते हा समज चुकीचा आहे. यंत्र त्याच वेगाने गारवा देते, फक्त थांबण्याची वेळ पुढे जाते. २६-२७ अंश आणि सोबत मंद पंखा ही जोडी बहुतेकांना सुखाची होते. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावावी, दर पंधरा दिवसांनी जाळी काढून नळाखाली धुवावी, आणि बाहेरच्या यंत्रावर सावली करावी पण त्याच्या वाऱ्यासमोर काहीही आडवे ठेवू नये. एसी चालू असताना त्याच खोलीत कूलर कधीही लावू नये, कारण कूलरने हवेत सोडलेले पाणी काढण्यातच एसीची वीज खर्च होते.

हिवाळा: आपल्याकडे उष्णता लागते ती पाण्याला

महाराष्ट्रात खोली गरम करणारे हीटर थोड्याच घरांत असतात. निफाड, महाबळेश्वर किंवा नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात, पण तेवढ्यासाठी जाड रजई आणि खिडक्यांच्या फटी बुजवणे बहुधा पुरते. विजेचा खरा खर्च अंघोळीच्या पाण्यावर होतो. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे अर्धे युनिट लागते, मग ती गीझरने तापवा किंवा इमर्शन रॉडने. भौतिकशास्त्र यात सवलत देत नाही. चौघांच्या घरात रोज दोन, म्हणजे महिन्याला साठ युनिटे. याहून जास्त जे जाते ते वाया जाते: कोणी अंघोळीला येईपर्यंत तास-तासभर चालू राहणारा गीझर, साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवून पुन्हा गार पाणी मिसळण्याची सवय, आणि कठीण पाण्याने कॉइलवर चढलेला क्षाराचा थर. गीझरची कळ ४५ ते ५० अंशांवर ठेवावी, सर्वांनी पाठोपाठ अंघोळ उरकावी, आणि दर एक-दोन वर्षांनी कॉइल साफ करून घ्यावी. इमर्शन रॉड स्वस्त असला तरी उघड्या बादलीतील वीज फार धोक्याची आहे. लहान मुले असलेल्या घरात तो नसावाच.

गच्ची आपली असेल तर सौर बंब लावणे हा माझ्या मते या सर्व खर्चांतला सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. चौघांच्या कुटुंबाला साधारण १०० लिटरचा पुरतो. बोअरचे कठीण पाणी असलेल्या ठिकाणी सपाट तांब्याच्या प्रकारापेक्षा काचेच्या नळ्यांचा प्रकार घ्यावा, कारण तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने लवकर बुजतात. बंबापासून न्हाणीघरापर्यंतची नळी शक्य तितकी छोटी ठेवून तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन घालावे, नाहीतर रोज सकाळी गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून द्यावे लागते. हे पाणी वेगळ्या बादलीत धरून कपड्यांना वापरावे. ढगाळ दिवसांसाठी बंबात विजेची कॉइल असते. तिचे बटण एरवी बंदच ठेवावे आणि नळ्यांवरची धूळ पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी नळ्या तापण्याआधी, ओल्या फडक्याने पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर नळी तडकते.